बुधवारची साक्ष

नातवंडांनी मीठमसाला लावून सांगण्याआधी मीच कबूल करून टाकते. एका बुधवारी दुपारी, लातुरात, शेजारच्या बाईंनी घरी बोलावलं असताना मी ते कोर्ट आहे असं समजून गेले होते. आणि साधीसुधी नाही गेले. गादीखाली दाबून इस्त्री केलेलं पातळ नेसून, केसांना पाणी लावून चापूनचोपून अंबाडा घालून, पिशवीत एक जादा पातळ, कंगवा आणि फडक्यात बांधलेले धपाटे घेऊन गेले होते. धपाटे कशाला? तिथूनच परस्पर तुरुंगात नेलं, तर वाटेत भूक लागेल म्हणून. एवढी अक्कल तेव्हाच्या त्या पोरीला, म्हणजे मला, होती. बाकीची कुठे गहाण पडली होती, ते आता सांगते.

तेव्हा मी अक्काकडे राहत होते. अक्का माझी थोरली बहीण. तिचे यजमान, आमचे दाजी, दालमिलमध्ये कामाला होते. माझं माहेर लोह्याकडचं, आई लवकर गेलेली, सासर नांदेडचं. त्यामुळे सून बिघडली की दुरुस्तीला धाडायचं ठिकाण म्हणजे अक्काच्या दोन खोल्या. 'बिघडली' हा शब्द माझा नाही, आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा. बिघडले होते म्हणजे बोलत नव्हते, जेवत नव्हते, दुधाचं पातेलं चुलीवर ठेवून त्याच्यासमोर बसून ते उतू जाताना नुसतं बघत होते. आत्याबाई आमच्या ह्यांना म्हणाल्या, "ने रे हिला हिच्या बहिणीकडं. चार दिवस हवापालट झाला की येईल ठिकाणावर." त्या चार दिवसांचे महिने झाले. ठिकाण काही सापडेना.

कारण घरात सगळ्यांना माहीत होतं आणि ते कुणीच बोलायचं नाही असं ठरलेलं होतं. मला मुलगी झाली होती. बारशाच्या आधीच तिला ताप आला आणि ती गेली. ह्यांनी तिला माझ्या जुन्या पातळात गुंडाळून गोदावरीकाठी नेलं. मला नेलं नाही, बायका जात नसत. परत आल्यावर अंगणात थंड पाण्यानं आंघोळ केली आणि डोकं पुसत पुसत आत गेले, ते गेलेच. उन्हाळ्याचे दिवस होते. मला दूध येत होतं. ते आटावं म्हणून आत्याबाईंनी मोगऱ्याची फुलं आणून माझ्या छातीवर फडक्यानं घट्ट बांधली. गाठ कुठे मारायची हे त्यांच्या हातांना बरोबर ठाऊक होतं. खोलीभर लग्नघरासारखा वास सुटला होता. अजूनही कुणी मोगऱ्याचा गजरा पुढे केला की मी सर्दी झाली म्हणून सांगते. मग पाळणा माळ्यावर गेला, झबली बोहारणीला गेली, आणि आत्याबाईंनी मला एक वाक्य शिकवलं, "कुणी इचारलं तर म्हणायचं, अजून काही न्हाई." मी शहाण्या मुलीसारखं ते पाठ केलं. पाठांतरात मी पहिल्यापासून हुशार.

लातूरचे ते दिवस आठवले की मला आधी आवाज ऐकू येतो. दालमिलची घरघर सकाळी सुरू व्हायची आणि दिवसभर जमिनीतून वर येत राहायची. जमिनीवर आडवं झालं की ती पाठीत शिरायची. तुरीच्या टरफलांचा बारीक भुसा हवेत तरंगत असायचा. दुपारी खिडकीतून उन्हाची तिरीप आली की तो भुसा तिच्यात सोन्यासारखा वर-खाली होत राही, आणि मी भिंतीला टेकून तेच बघत बसे. अक्का येसराची आमटी करायची. भाकरी थापताना तिच्या बांगड्या परातीवर वाजायच्या, थांबायच्या, पुन्हा वाजायच्या. दाजी मिलमधून आले की दारात उभे राहून अंग झटकायचे आणि त्यांच्या अंगातून पिवळा ढग निघायचा. थंडीचे दिवस होते, वेळ अमावास्या, म्हणजे शेतात जेवायचा सण, जवळ आली होती, बाजारात त्या दिवशीच्या भज्जीच्या भाज्या दिसू लागल्या होत्या. मी हे सगळं पाण्याखालून बघावं तसं बघत होते. जवळ होतं, पण हाताला लागत नव्हतं.

आणि दर बुधवारी भिंतीपलीकडून गाणं यायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, माझी आईच दळायला बसली आहे. चाल जात्यावरच्या ओवीची होती, तीच हेलकावत जाणारी, मध्येच श्वास घेणारी. फक्त नाव वेगळं होतं. आमच्या ओवीत विठ्ठल यायचा, इथे येशू येत होता. मी भिंतीला कान लावला. भिंत गार होती आणि गाणं ऊबदार.

"अक्के, पलीकडं कोण गातं?"

"रबकाबाईच्या घरी सभा असती बायांची. ख्रिश्चन हाय ती. लई गुणाची बाई. सांजच्याला भेटली की सलाम म्हणती, तू घाबरू नको. त्यांच्यात तसंच म्हणतात."

तिचं खरं नाव रिबेकाबाई. अख्ख्या गल्लीनं त्याचं रबकाबाई करून टाकलं होतं आणि तिनंही ते अंगावर घेतलं होतं. नवरा गेलेली, उंच, सावळी, भिंगाचा चष्मा, आणि हसली की सगळं अंग हलायचं. 'सभा' म्हटल्यावर मला वाटलं, निवडणुकीचं काही असेल. ती एकदा "आमचे पाळक येणार आहेत" म्हणाली, तेव्हा मी अक्काला हळूच विचारलं की काय पाळतात, शेळ्या का? त्यांच्या पुरोहिताला पाळक म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. सांगायचं तात्पर्य, त्या घरातल्या मराठीचं आणि माझ्या मराठीचं पहिल्यापासून जुळत नव्हतं, आणि पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

रबकाबाईनंच मला बोलावलं. मी जाऊन दाराजवळ बसायला लागले. चार वाजता नळाला पाणी यायचं, त्यामुळे गाणी आणि गोष्ट झाली की मी घागर घेऊन पळायचे. पुढे तिथे काय होतं, मला माहीत नव्हतं. बायका थोड्याच यायच्या. एकीला नवऱ्यानं टाकलं होतं. एकीचा हात कोपरापर्यंत भाजलेला होता आणि तो कसा भाजला ते ती सांगत नसे. कुणी कुणाला खोदून विचारत नव्हतं. एका बुधवारी रबकाबाईनं एका बाईची गोष्ट सांगितली. वर्षानुवर्षं अंगावरून जायचं तिच्या, कुणी तिला शिवून घेत नव्हतं, सगळे इलाज करून थकलेली. ती गर्दीत मागून चोरासारखी आली आणि येशूच्या झग्याला हात लावला. लावून गुपचूप निघून जाणार होती.

"पण तो थांबला," रबकाबाई म्हणाली. "एवढ्या गर्दीत थांबला, अन् इचारलं, कोण शिवलं? त्याला काय माहीत नव्हतं व्हय? माहीत होतं. पण त्याला तिच्या तोंडून ऐकायचं होतं. तिनं सगळं सगळं सांगितलं, अन् त्यानं तिला लेक म्हणून हाक मारली."

मी त्या दिवशी घागर न घेता घरी आले. पाणी येऊन गेलं. अक्कानं माझा उद्धार केला तो मला ऐकू आला नाही. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, तो थांबला. माझ्या घरात इतके महिने सगळे माझ्या बाजूनं चालत गेले होते, हळू पावलांनी, दारं न वाजवता. थांबलं कुणीच नव्हतं.

बहुतेक माझा चेहरा रबकाबाईनं वाचला असणार. दुसऱ्या दिवशी ओट्यावर तांदूळ निवडताना ती सहज म्हणाली, "सुमन, येत्या बुधवारी तू साक्ष दे गं. पाण्याचं अक्का बघंल, मी सांगते तिला. येशील न्हवं?" आणि घरात निघून गेली. माझ्या हातातलं सूप तिथंच राहिलं.

माझ्या माहितीत साक्ष एकच होती. बापूंनी, माझ्या वडिलांनी, एकदा बांधाच्या भांडणात कंधारच्या कोर्टात साक्ष दिली होती. शेजारधर्म म्हणून गेले आणि घामानं भिजून परत आले. दोन दिवस तोंडावर पंचा टाकून पडून होते, आणि ज्यांच्याविरुद्ध बोलले त्या घरानं आमच्याशी जन्माचं वैर धरलं. तेव्हा माझ्या मनात लख्ख झालं की बाळाची गोष्ट कोर्टात गेली आहे. कुणीतरी तक्रार केली असणार. रबकाबाईच्या घरी बायकांचं कोर्ट बसतं, म्हणूनच त्या भाजलेल्या हाताची बाई तिथे येते. सगळं इतकं चोख जुळत होतं की शंकेला जागाच नव्हती. शहाण्या माणसाच्या डोक्यात इतकं नीट काही जुळत नाही.

अक्काला सांगावं तर ती साक्षीत अडकेल, म्हणून सांगितलं नाही. दाजींना आडून विचारलं. ते जेवत होते.

"दाजी, साक्षीत खोटं बोललं तर काय होतं ओ?"

"आत टाकतात," दाजी घास गिळून म्हणाले. "भाकरी मिळती. चटणी न्हाई मिळत."

"अन् खरं बोललं तर?"

"मग घरचे बाहेर काढतात. कामून? कुणाचा खून करून आलीस का काय, मेव्हणीबाई?"

ते खो खो हसले, पण दाजींनी चेष्टेत माझा सगळा पेच मांडला होता. 'अजून काही न्हाई' असं शपथेवर सांगितलं, तर ती पोर दुसऱ्यांदा जाणार, आणि या खेपेला मीच तिला घालवणार. 'होती' म्हणून सांगितलं, तर आत्याबाई खोट्या पडणार आणि मला नांदेडचं दार बंद होणार. हे मला न्यायला येणारच नाहीत. बुधवारपर्यंत मी रांजणासमोर उभी राहून दोन्ही उत्तरांची तालीम केली. रांजणातून माझाच आवाज घुमून परत यायचा आणि दोन्ही वेळा खोटा वाटायचा.

तर अशी मी पिशवी घेऊन हजर झाले. नाताळ जवळ आल्यामुळे रबकाबाईच्या घरात करंज्यांचं सारण भाजल्याचा वास भरला होता. मला वाटलं, काय निगरगट्ट कोर्ट आहे, खोबरं भाजतंय. गाणं झालं. प्रार्थना झाली. मग रबकाबाई म्हणाली, "आज आपली सुमन साक्ष देणार हाय." मी उठले, पदर खोचला आणि विचारलं, "हात कशावर ठेवू?"

रबकाबाई जरा गोंधळली. मग मांडीवरचं शास्त्र, म्हणजे त्यांचं बायबल, तिनं पुढे केलं. "ठेव की बाई, ठेव."

"माझं नाव सुमन भ्रतार..." बापूंना कोर्टात असंच आधी नाव-गाव सांगायला लावलं होतं. 'भ्रतार' म्हटल्यावर पुढे नवऱ्याचं नाव आलं, आणि ते मी जन्मात उच्चारलेलं नव्हतं. मी अडले. "ह्यांचं नाव अक्काला विचारून घ्या," मी म्हणाले. "राहणार नांदेड. धंदा घरकाम. मला कुणी शिकवून पाठवलेलं न्हाई." टाकलेल्या बाईला हसू आवरेना, तिनं तोंडात पदर कोंबला. रबकाबाईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. त्या भिंगांमागचे डोळे मोठे मोठे झालेले, आणि ते थांबलेले होते. नुसते बघत नव्हते, थांबले होते.

तेव्हा रांजणासमोर केलेली सगळी तालीम माझ्यातून निघून गेली. मी म्हणाले, "मला मुलगी झालेली हाय." झाली होती नाही, झालेली हाय. आणि मग मी सांगत सुटले. तिच्या कानाच्या पाळीवर लव होती. ती शिंकली की स्वतःच दचकायची. तिला ताप आला तेव्हा तिचं डोकं माझ्या हनुवटीखाली होतं आणि तो चटका अजून तिथे आहे. तिला कुठे ठेवलं ते मला माहीत नाही. माझं दूध फुलांनी बांधलं. आणि मला सांगायला शिकवलं की अजून काही नाही. घरघर चालली होती, उन्हाची तिरीप शास्त्रावरच्या माझ्या हातावर आली होती, तिच्यात भुसा नाचत होता, आणि माझा आवाज मलाच दुरून, गावाबाहेरून आल्यासारखा ऐकू येत होता.

भाजलेल्या हाताच्या बाईनं विचारलं, "नाव काय होतं लेकराचं?"

बारसं झालं नव्हतं. पण मी मनात ठेवलेलं होतं. आमच्या शाळेत त्याच नावाच्या एक बाई होत्या, पायात सँडल, अंगाला पावडरीचा वास, आणि छडी हातात न घेता वर्ग गप्प बसवायच्या. जगात याहून मोठं काही होता येत नाही असं मला वाटायचं. "मंजुळा," मी म्हणाले. तोपर्यंत ते नाव हवेत कधी आलंच नव्हतं.

रबकाबाईनं डोळे मिटले आणि तिच्या देवाशी बोलायला लागली, शेजाऱ्याशी बोलावं तसं, मध्ये थांबत, शब्द शोधत. "प्रभू, ही मंजुळाची आई तुझ्यापुढं उभी हाय," असं म्हणाली. पुढचं मला आठवत नाही. मंजुळाची आई. मला त्या नावानं कुणी पहिल्यांदाच हाक मारली होती, आणि ती हाक त्या खोलीतून आल्यासारखी वाटली नाही. माझ्याबरोबर अजून कुणीतरी उभं होतं, फार जवळ, घाई नसलेलं. याहून जास्त मला सांगता येत नाही, आणि जे सांगतात त्यांचं मला नवल वाटतं.

प्रार्थना संपल्यावर मी डोळे पुसले, पिशवी उचलली आणि म्हणाले, "आता मला आत टाकणार का?"

सगळं उलगडायला थोडा वेळ लागला. धपाटे बाहेर निघाले तेव्हा टाकलेली बाई जमिनीवर लोळायची बाकी होती. रबकाबाईनं चष्मा काढून ठेवला, डोळ्यांतलं पाणी हसण्याचं की रडण्याचं तिलाच कळत नव्हतं.

"अगं येडे, साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघींत सांगायचं!"

"पण त्यानं तर अजून काहीच केलेलं न्हाई," मी म्हणाले.

"मग आत्ता काय झालं, बाई?"

मी धपाट्यांचं फडकं मधोमध सरकवलं. आम्ही सगळ्यांनी मिळून ते धपाटे खाल्ले.

इथे मला माझ्याच मंडळींशी थोडं भांडायचं आहे. आता आमचा बायकांचा प्रार्थनेचा ग्रुप मोबाईलवर चालतो, आणि त्यात रोज कुणी ना कुणी लिहितं की त्या क्षणी सगळं ओझं उतरलं. उतरत असेल बाई, कुणाचं तसं होत असेल. माझ्या बाबतीत आधी फक्त भूक लागली. त्या रात्री मी शेंगदाण्याच्या चटणीशी भाकरी खाल्ली आणि अक्का ताटाकडे न बघण्याचं नाटक करत राहिली. मग रडू आलं, ते नाताळ उलटून गेला तरी येत होतं, पण आता ते अंगाबाहेर जात होतं, आत साचत नव्हतं. मी दर बुधवारी जात राहिले. प्रार्थना करायला शिकले, म्हणजे तक्रार करायला शिकले, आणि तक्रार करता करता कधीतरी आभार मानायला लागले. लोक विचारतात, तू ख्रिस्ताची कधी झालीस? त्यांना तारीख हवी असते. मला त्या दिवशीची चटणी आठवते. आणि हो, आजही सभेत नव्या पोरीला कुणी 'साक्ष दे' म्हणालं, की मी आधी पुढे होऊन सांगते, "घाबरू नको, कोर्ट न्हाई हे." पोरी माझ्याकडे येड्या म्हातारीकडे बघावं तशा बघतात.

हे न्यायला आले ते शेतात हरभरा भरात असताना. बसमध्ये मी खिडकीशी बसले होते. अहमदपूर मागे पडल्यावर मी त्यांना म्हणाले, "मी तिचं नाव मंजुळा ठेवलंय." ते हातातल्या तिकिटाची घडी करत राहिले. लोह्याच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा खाली उतरले, पेरू घेऊन आले, त्यातला एक माझ्या हातात दिला आणि बस सुटल्यावर, पुढच्या सीटच्या दांडीकडे बघत, फक्त ओठ हलवून ते नाव म्हणून बघितलं. मला ऐकू आलं नाही, दिसलं.

पण खरी धास्ती घरची होती. रांजणासमोरचा पेच लातुरात मिटला नव्हता, तो नांदेडला दारात बसून होता. रबकाबाईच्या सभेचं तेवढं मी आल्या आल्या घरात सांगितलं होतं, साक्षीचं नव्हतं. पोचून आठवडाही झाला नसेल, शेजारी नव्यानं राहायला आलेल्या काकू वाटी मागायला आल्या आणि माझ्या पोटाकडे बघून म्हणाल्या, "काय हो, सूनबाईचं अजून काही न्हाई का?" आत्याबाईंनी तोंड उघडलंच होतं. मी आतून म्हणाले, "एक मुलगी होती, काकू. मंजुळा. गेल्या उन्हाळ्यात वारली." काकू वाटी न घेताच गेल्या. आत्याबाईंनी परात उचलून दुसरीकडे ठेवली, मग पुन्हा पहिल्या जागी ठेवली. त्या दिवशी त्या माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत, संध्याकाळी जेवल्याही नाहीत. हे कधी त्यांच्याकडे, कधी माझ्याकडे बघत राहिले. मी मनातल्या मनात येशूला सांगत होते की बाबा, तुझ्या नादी लागून माझं घर गेलं, आता तूच बघ.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे ऑफिसला गेलेले, घरात आम्ही दोघीच. आत्याबाई देवघराच्या उंबऱ्याशी बसून देवासाठी वाती वळत होत्या. कापसाचा पेळू गुडघ्यावर धरून तळव्यानं फिरवायचा, झालेली वात बाजूला ठेवायची, पुढचा घ्यायचा. त्यांनी हाक मारली नाही, नुसतं शेजारच्या फरशीवर थोपटलं. मी जाऊन बसले. आता 'सामान भर' म्हणतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्यांनी अजून एक वात वळली, ती नीट झाली नाही, उलगडून टाकली. मग मान वर न करता म्हणाल्या,

"माझी दोन गेली, सुमन. एक ह्याच्या आधी, एक ह्याच्या मागून. नावं न्हाई ठेवली, कुणी ठेवूच दिली न्हाईत. आता ठेवली तर चालतील का गं? तुझ्या त्या लातूरच्या बाईला इचारून सांग मला."